विहिरीवरच्या चपला

छपाईच्या शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला उमरखेडच्या शाळेत भरलेलं माझं पहिलं प्रदर्शन आठवतं. साठ साल नुकतंच उलटलं होतं. नागपूरहून चित्रकला शिकून आलो होतो आणि आमच्याच घरची माणसं लाकडात कोरून, कागदावर छापून भिंतीवर लावली होती. एका चित्रात माझी मोठी बहीण होती. सासरी परत धाडायच्या आदल्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. चित्राचा एक कोपरा रिकामा वाटला, म्हणून मी विहिरीच्या काठावर तिच्या चपला जोडून ठेवलेल्या कोरल्या होत्या. बाबा फुलसावंगीहून धुतलेलं धोतर नेसून आले आणि त्या चित्रापुढे थांबले. "तुले कोनं सांगतलं?" त्यांनी हळूच विचारलं. मला कळेना. "काय, बाबा?" "चपला अशाच होत्या. लोकायले घसरली वाटावं म्हनून म्याच उचलल्या." मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको." मी चित्र उतरवलं. आई मरेपर्यंत पोरीचा पाय घसरला असंच म्हणत राहिली, आणि दर वेळी मी मान डोलावली. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.