बाबांच्या ठोक्याचा फोटो

शेहेचाळिसाव्या वर्षी मी फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं तेव्हा ऑफिसात माझी मनसोक्त थट्टा झाली. मोबाइलवर इतके छान फोटो येतात, मग ही धोंड गळ्यात कशाला, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, तुमच्यासारखे सहकारी पेलते, त्यापुढे कॅमेरा काय जड! 

क्लास बिबवेवाडीत, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. शनिवारी सकाळी आम्ही सात जण असायचो आणि शिकवणारे सर माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी पडदे ओढले, बोटभर फट ठेवली आणि म्हणाले, "कॅमेरा म्हणजे एवढंच. एक अंधारी खोली. उजेडाला आत किती वेळ येऊ द्यायचं, ते आपण ठरवायचं." फटीतल्या उजेडात धूळ तरंगत होती. बाकीचे वहीत लिहून घेत होते, मी धुळीकडे बघत बसले. लहानपणी बाबांच्या कारखान्यात मी तासन्‌तास अशीच बसायचे.

कारखाना म्हणजे कसबा पेठेतली पत्र्याच्या छपराची एक खोली. बाबा तांब्याची भांडी घडवतात. भांडं आकाराला आलं की त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जायचं, ओळीला ओळ लागली पाहिजे. याला मठारणं म्हणतात. त्यानेच तांबं घट्ट होतं आणि चमकतं. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी हे केलं. त्यात आधी कान अधू झाले आणि आता उजवा खांदा. हातोडी धरायचीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "तू क्लासला जातेस ना? काम करतानाचा माझा एक फोटो काढ. तो नीट आला, की थांबतो."

तेव्हापासून मी दर रविवारी कसब्यात जाऊ लागले. बाबा एक जुनं घंगाळ लोखंडी दांड्यावर चढवायचे आणि थोडं थोडं मठारायचे. नुसतं हातोडी धरून बसायला त्यांनी साफ नकार दिला होता.

पहिला फोटो मी शटर झटकन मिटेल असं लावून काढला. हवेतली हातोडी, मूठ, मुठीवरच्या शिरा, सगळं लख्ख. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला.

"हा कोण आळशी माणूस? हातोडी वर धरून कुणाची वाट बघतोय?"

"बाबा, तुम्हीच आहात!" मी ओरडून सांगितलं.

"मी काम करत होतो. तू ते बंद पाडलंस."

मी चिडून सरांकडे गेले. ते म्हणाले, "मग शटर जास्त वेळ उघडं ठेवा. जे हलतं ते विरघळेल, जे स्थिर आहे ते राहील. तुम्ही मात्र हलायचं नाही."

मग आठवडाभर मी श्वास रोखून जगले. घरातला पंखा, सिग्नलला सुटणाऱ्या रिक्षा, दोरीवरचे कपडे, दिसेल त्यावर सराव केला. हळूहळू कॅमेरा हातात नसतानाही मला सगळं तसंच दिसू लागलं. बसच्या खिडकीतून दुकानं पातळ होऊन मागे वाहत जायची आणि थांब्यावर उभी असलेली एखादी म्हातारी तेवढी ठळक राहायची. माझा उतरायचा थांबा दोनदा चुकला. वाईट वाटलं नाही, उलट फार छान वाटलं.

चौथ्या रविवारी फोटो आला. कोपर पोत्यावर टेकवून, श्वास सोडून मी बटण दाबलं आणि मागच्या छोट्या पडद्यावर बघितलं. बाबांचा चेहरा स्थिर, घंगाळाची ओळ न् ओळ मोजता येईल अशी. उजव्या हाताच्या जागी मात्र तांबूस धुकं. हातोडी कुठेच नव्हती. असा फोटो मी पुन्हा काढू शकणार नाही, हे मला तिथेच कळलं.

"आला का?" बाबांनी विचारलं.

"हलला," मी म्हटलं.

"मग पुढच्या रविवारी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही, सरांनाही नाही. पुढचे रविवार मी खोटे फोटो काढले. मुद्दाम कॅमेरा हलवायचा, मान हलवायची, नाही आला म्हणायचं. बाबा ठोके देत राहायचे आणि छपरातल्या एका भोकातून उजेड येत राहायचा. हे असंच चालू राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यांच्या खांद्याचा विचार मी करत नव्हते, हे आता कबूल करते.

तिसऱ्या खोट्या रविवारी त्यांनी हातोडी डाव्या हातात घेतली. ठोके भरकटले, ओळ वाकडी गेली. वाकड्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि पुन्हा हातोडी उचलली. मला स्वतःची लाज वाटली. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि चौथ्या रविवारचा फोटो कॅमेऱ्यात शोधून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

त्यांनी चष्मा लावला.

"हातोडी दिसत नाही यात."

"चालू होती ना, म्हणून."

"बरोबर आहे. मलाही ती कधी दिसली नाही. नजर भांड्यावर असते." मग त्यांनी चष्मा काढला. "कधीचा हा?"

"तीन रविवार झाले."

 आता काहीतरी बोचरं ऐकायला मिळणार म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे हे तीन रविवार मला वरचे मिळाले," ते म्हणाले.

उठून ते हातोडी खुंटीला लावायला गेले. उजवा हात तिथपर्यंत पोचेना. मी हातोडी घेतली, खुंटीला लावली आणि तिथेच, त्यांच्याकडे पाठ करून, रडले.