टपावरचे बिबडे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळले नव्हते, त्याबद्दल माफी असावी. (चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे पुढे कळायचा प्रश्न आला नाही.) मी एक बॅटरी मारली आणि दुसरी मारता मारता राहिली, एवढंच लिहायचं आहे.

आमच्या ह्यांनी धुळ्यात एक जुनी शाळेची बस घेऊन तिचं चालतं घर केलं. आत पलंग, ओटा, पंखे, लहानसा फ्रिज. लोकांना सहलीला भाड्याने द्यायची, हे गाडी चालवणार, मी स्वयंपाकाला. ह्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

"टपावर काळ्या काचा आहेत. त्या ऊन खातात, त्याची वीज बॅटरीत साठते. बॅटरी बारा व्होल्टची. मिक्सरला लागतात दोनशे तीस. मग हा इन्व्हर्टरचा डबा बाराचे दोनशे तीस करतो. समजलं?"

मी मान हलवली. मला परक्यांसमोर बोलायची लाज वाटते आणि ह्यांना विचारायची. मान हलवणं दोन्हीकडे चालतं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की टपावर काच आहे आणि ती तापते.

तेव्हा बिबडे करायचे दिवस होते. ज्वारी भिजवायची, वाटायची, शिजवायची आणि कपड्यावर पापडासारखं थापून कडक उन्हात वाळवायचं. अंगणात कोंबड्या तोंड घालतात, पत्र्यावर मांजर. बसच्या टपावर कोण चढणार? मीच चढले. हे टेम्पो घेऊन गेले, की शिडी लावून काळ्या काचांवर साड्या पसरायच्या, त्यावर बिबडे. हे यायच्या आत सगळं खाली. काय सुरेख वाळत होते! घरची लाईट गेली, की ज्वारी वाटायला बसमधला मिक्सर होताच. म्हणजे खालून वीज उपसायची आणि वरून ऊन झाकायचं, असा माझा कारखाना आठ दिवस चालला.

संध्याकाळी हे बसमध्ये शिरले, की डबा टीं टीं ओरडायचा. शेवटी त्यांनी वायरमन बोलावला.

तो म्हणाला, "भाऊ, बॅटरी मरी गयी शे. रोज उपाशी ठेवतस का हिले?"

"दिवसभर उन्हात उभी असते गाडी," हे म्हणाले.

"मग बॅटरीच खराब निंघनी."

मी चहा दिला आणि दोघांबरोबर त्या बॅटरीला नावं ठेवली.

नव्या बॅटरीला अठरा हजार लागले. ते दिले माझ्या नणंदेने, आक्काने. पलीकडच्या गल्लीत राहते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने साठवलेले होते. देताना म्हणाली, "दिवाळीना आधी दी टाक. तवलोंग एक डोळाघाई दिसस माले." म्हणजे तोवर ती एकाच डोळ्याने बघणार. ही बॅटरी जपायचीच, असं ठरवलं. (तिच्यावर पुसायचं फडकं टाकलं. दुसरं काय जपणार?)

पहिलं भाडं आलं एका निवृत्त गुरुजींचं. नवरा-बायको अजिंठ्याला निघाले. माझ्या शेवटच्या घाण्याला अजून एक ऊन हवं होतं. विचार केला, गाडी जाणारच आहे, वारा फुकट, ऊन फुकट. पहाटे साड्या टपावर पसरल्या, वरून दुसऱ्या साड्या घालून चहूबाजूंनी दोरीने आवळल्या.

जळगाव मागे पडलं आणि पंखा मंदावला. मग थांबला. फ्रिजमधलं दही फुगलं. डबा टीं टीं करू लागला.

गुरुजी घाम पुसत म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होता, गाडी उन्हावर चालते."

"पंखा चालतो, गुरुजी."

"तो तरी कुठे चालतोय?"

ह्यांनी गाडीचा वेग वाढवला. पहूरला चहाला थांबलो तेव्हा हळूच म्हणाले, "ही पण गेली गं. आता आक्काला काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात चहावाला गच्चीवरच्या टाकीजवळून खाली ओरडला, "ओ भाऊ, तुमच्या गाडीच्या सोलरवर साड्या कोणी बांधल्या?"

ह्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

मी एका हाताची पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्याची तीन.

गुरुजी एवढे हसले, की त्यांच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. साड्या काढल्या, दोन तास उन्हात थांबलो, पंखा फिरला. बॅटरी वाचली. गुरुजींनी भाडं पूर्ण दिलं, पण सगळे बिबडे घेऊन गेले.

पुढे भाडी लागत गेली. दर भाड्यानंतर आक्काकडे थोडे थोडे पोचवले, त्यातून तिचा डोळाही झाला. शेवटचे दोन हजार काल तिच्या हातात ठेवले. तिने मोजले. "बठ्ठा पैसा वनात," म्हणाली. "पण ती पहिली बॅटरीले व्हयेल काय व्हतं?"

मी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले.

पैसे पुरते फिटले. सांगायचं राहिलं, ते इथे लिहिलं. आणि वही पिठाच्या डब्यामागे लपवली, कारण आक्काला आता माझं अक्षरसुद्धा स्वच्छ दिसतं.