बा म्हणते ती कुणाला

माझी लेक बोलायला लागली ती "बा" म्हणून. आई नाही, मम्मी नाही, साधं "आ"सुद्धा नाही. बा! पोटात मी वागवली, ढुंगण मी धुते, तापात उशाशी मी बसते, आणि नाव कुणाचं घेते? तर जो माणूस सकाळी डबा घेऊन एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर जातो आणि पोरगी झोपल्यावर घरी उगवतो, त्याचं.

नवरा असा फुगला की विचारू नका. "बापाचं नाव घेतलं पोरीनं, बघ की!" झाडून सगळ्या पाहुण्यांना फोन झाले. मी भाकरी थापत होते, ती जरा जास्तच जोरात थापली गेली.

मग मीही हट्टाला पेटले. भरवताना आ-ई, आंघोळीत आ-ई, आरशासमोर उभं करून आ-ई. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, माझ्या नाकात बोट घालायची आणि म्हणायची, "बा." एकदा ज्वारीच्या पिठाचा डबा पालथा करून मधोमध बसली. मी झाडत होते, रडत होते, आणि ही पांढरी भुतासारखी हात पुढं करून, "बा, बा!" मी ओरडले, "बोलव की तुझ्या बाला, येऊन झाडू दे!" खरंच सांगते, तेव्हा वाटलं, हिला तिथंच पिठात ठेवावं आणि बार्शीची एसटी धरून माहेरी निघून जावं. माझं कुणाला काही पडलेलंच नाही.

सकाळी मी एका दवाखान्यात नंबर लावायच्या कामाला जायचे. दुपारपर्यंत लेक शेजारच्या काकूंकडे. काकू अक्कलकोटच्या, घरात सगळं कानडी. मला कानडीतलं एक "गोत्तिल्ला" येतं, म्हणजे माहीत नाही. मी निघाले की लेक काकूंच्या दाराचे गज धरून जीव तोडून रडायची, "बा! बा!" निघताना "जाते" म्हणू नये, म्हणून मी म्हणायचे, "येते हं." त्यावर ती क्षणभर गप्प व्हायची, तेवढ्यात मी सटकायचे. जिना उतरताना मनाला समजवायचे, रडते ती बापासाठी, माझ्यासाठी थोडीच? त्यानं पाय उचलायला बरं पडायचं आणि दिवसभर आतून जळायचंही.

एका रविवारी नवरा कामावर होता. मी डोक्याला शाम्पू लावला, आणि न्हाणीच्या दारावर धडाधड थापा सुरू झाल्या. "बा! बा! बा!" माझं डोकंच फिरलं. आतून किंचाळले, "बा मेला कामावर गेलाय! हितं आईच हाय, दुसरं कुणी न्हाय! नको असेल तर रड तिकडं!"

बाहेर कुणीतरी खदाखदा हसलं. काकू शेंगाचटणी द्यायला आल्या होत्या.

"अगं, नवऱ्याला कशाला मारतीस?" त्या म्हणाल्या. "तुलाच बोलवती की ती. बा म्हणजे ये. आमच्यात ये म्हणायला बा म्हणतात. मी दिवसभर तिला बा, बा करती, तेच शिकली बघ."

फेस डोळ्यांत चालला होता, पण मला नळच सापडेना. ये. पिठात बसून ये. न्हाणीच्या दाराशी ये. आणि रोज सकाळी, गज धरून, घसा बसेपर्यंत, ये. दार उघडून मी तिला तशीच ओल्या अंगानं उचलली आणि एवढी रडले की काकूच घाबरल्या. रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला हसू आलं नाही.

सोमवारी दवाखाना होताच. नोकरी सोडायची आमची सोय नव्हती. लेकीनं गज धरले. "बा!"

माझी जीभच उचलेना. जाते म्हणणं अभद्र, आणि दुसरा शब्द आपल्याकडे आहे कुठं?

"येते हं," मी म्हणाले.

ती लगेच गप्प झाली. गज सोडले आणि उचलून घ्यायला दोन्ही हात वर केले. आजवर मी कधी थांबून बघितलंच नव्हतं. जिन्याच्या वळणावरून मागं पाहिलं, तर हात अजून वरच होते.