करामातली नागपंचमी

उशीचा अभ्रा काउंटरवर ठेवायचा, गाठ स्वतःच सोडायची आणि वर म्हणायचं, "एवढं काय त्यात, जरासं भाजलंय." हे गृहस्थ दर तीन-चार दिवसांनी असे यायचे. अभ्र्यात काय? अजगर. लहान जातीचा, दोन हात लांब, पण अजगरच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दुबईत जनावरांच्या एका दवाखान्यात मलमपट्टीला होते. मांजरं, पोपट, ससाणे सगळं हाताळलं होतं. पण जनावराआधी मालकालाच औषध द्यावं, असं यांच्याइतकं कुणाकडे बघून वाटलं नाही.

भाजलं कसं, ते ऐका. दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ए.सी. सोळावर लावलेला. साप गारठला म्हणून यांनी त्याच्या पोटाखाली उकळत्या पाण्याची रबरी पिशवी ठेवली आणि निघाले आपल्या मसाल्याच्या दुकानात. पोट भाजत असलं तरी साप पुष्कळदा तिथून हलत नाही. हे माहीत नसेल एखाद्याला, मान्य. पण मग जखमेवर हळद आणि खोबरेल थापायचं कुणी सांगितलं होतं?

"आमच्याच दुकानातली हळद आहे, ताई. एकदम चोख."

"अहो, भाजी करायची आहे का त्याची?"

ते मनापासून हसले. मी चिडून बोलले होते.

आमचे डॉक्टर केरळचे, शांत माणूस. त्यांनी जखम सलाईनने धुतली, मलम दिलं आणि हिंदीत तीनदा बजावलं, की खाली वाळू नको, कागद घाला, जखम कोरडी ठेवा, ओल राहिली तर सडेल. गृहस्थ मान डोलवत राहिले. पुढच्या खेपेला अभ्रा उघडला, तर साप नखशिखान्त पांढरा. यांनी त्याला लहान मुलांची पावडर फासली होती. "कोरडं ठेवा म्हणालात ना?" अशा माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

तरी साप सुधारत होता. एकदा कात टाकल्यावर खालची नवी कातडी दिसली, तेव्हा या पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकटेच राहायचे ते. घरी परतल्यावर बोलायला तो सापच होता.

तेवढ्यात श्रावण आला आणि यांची अक्कल पुन्हा चरायला गेली. ओळखीच्या सगळ्या मराठी बायकांना निरोप धाडला, घरी जिवंत नाग आहे, पूजेला या. अजगराचा नाग केला! आणि बायका गेल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. हळदकुंकू झालं, लाह्या झाल्या. साप दूध पीत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. दुधाच्या वाटीला त्याने तोंड लावलं नाही, तर यांनी बायकांना ते दूध त्याच्या अंगावर सोडू दिलं.

चौथ्या दिवशी अभ्रा उघडला आणि आंबूस वास आला. पोट सडलं होतं. खवल्यांत कुंकू अडकलं होतं. डॉक्टरांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"ये दूध किसने डाला?"

"मैंने डाला, डॉक्टरसाब. घर में और कोई नहीं था."

मी शेजारीच कापूस घेऊन उभी होते. त्या पूजेच्या रांगेत मी तिसरी होते. नागाची पूजा भावासाठीच करतात; माझा भाऊ तेव्हा सांगलीला दवाखान्यात दाखल होता आणि मी फार घाबरले होते. माझ्या हातात वाटी देताना या गृहस्थांनी विचारलं होतं, "ताई, जखमेला चालेल ना? तुम्हाला कळतं त्यातलं."

"थोडंसं चालेल," मी म्हटलं होतं. आणि सोडलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तोंड उघडलं नाही. साप दोन दिवसांनी गेला. ते पुन्हा दवाखान्यात आले नाहीत आणि त्यांचं दुकान होतं तो रस्ता मी सोडून दिला.