जादा नळी

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहतात. समुद्री माशांची टाकी घेताना ते मलाही दुकानात घेऊन गेले. पंपाने टाकीत चढवलेले पाणी खालच्या गाळणीच्या टाकीत परत उतरायला दुकानदाराने दोन नळ्या सुचवल्या. पहिली तुंबली तर दुसरी. साहेबांनी काचेवर बोट फिरवत दुसरी नाकारली.

“पाहुण्यांना काय, प्लंबिंग दाखवू?”

“खाली आम्ही राहतो,” मी म्हणालो.

“अहो, बिल्कुल चिंता नको!”

गेल्या रविवारी टाकीतली गोगलगाय त्या एकुलत्या नळीत अडकली आणि खारे पाणी छतातून माझ्या आईच्या अंथरुणावर गळू लागले. मी धावत वर गेलो. साहेब ओल्या गालिच्यावर उभे राहून टाकी न्याहाळत होते.

“मासे सगळे सुखरूप आहेत,” त्यांनी मला धीर दिला.