जरासाच रंग राहिलाय

छापखान्यात सगळे त्यांना जरासेकाका म्हणत. छापून आलेला कागद उजेडात धरायचा, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "जरासा पिवळा कमी पडतोय." मग शाई पुन्हा कालवली जायची. त्यांचं चुकतही नसे. निवृत्तीनंतर सासऱ्यांची जुनी मोटार त्यांच्याकडे आली, तरी ही खोड काही सुटली नाही.

गाडी गंजून गेली होती. काकांनी एकेक भाग सोडवला, घासला, पुन्हा बसवला. इंजिन सुरू झालं तेव्हा बायको हातातलं काम टाकून अंगणात धावली.

"अक्काला फोन करू?"

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. बाबांच्या गाडीत एकदा बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"एवढ्यात नको गं. खड्डे बुजवायला भरलेल्या लांबीची अंगभर ठिगळं दिसतायत. लोक हसतील. रंग होऊ दे."

मूळ हिरवा रंग फक्त डॅशबोर्डच्या आत, ऊन न लागलेल्या जागी शिल्लक होता. त्याच्याशी जुळवायला काकांनी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने काढले, उन्हात पाहिले, सावलीत पाहिले. दोनदा अख्खी गाडी रंगवून पुन्हा खरवडली. अक्का फोनवर चिडवायची, "काय जावईबापू, गाडी रंगवताय की नवरी सजवताय?"

"जरासाच रंग राहिलाय, अक्का."

काचबिंदूने अक्काची नजर मंदावत चालली होती. घरात ते बोललं जाई, काकांच्या कानावरही पडे. त्यांनी कान दिला नाही, इतकंच.

शेवटी रंग असा जुळला की आतला जुना कुठला आणि बाहेरचा नवा कुठला, हे त्यांनाही सांगता येईना. बायको जाऊन अक्काला घेऊन आली. दाराची मूठ अक्काला चाचपून शोधावी लागली.

"हिरवीच ना हो?"

"अगदी तीच," काका म्हणाले. त्यांनी दार उघडून तिला आत बसवलं.

गाडी निघाली तशी अक्का खुलली. "अगं, हाच आवाज! बाबा आलेले गल्लीच्या तोंडापासून कळायचे. कधी सुरू झाली गं ही?"

"झाली की तीनेक वर्षं," बायको सहज बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

अक्का हळूच म्हणाली, "तेव्हा दिसत होतं मला. ठिगळं असती तरी चाललं असतं की."

काकांनी समोरच्या लाल सिग्नलकडे बघत ब्रेक दाबला.

सिग्नलला शेजारी एक स्कूटरवाला थांबला. "काका, रंग काय जमलाय! एक नंबर!"

अक्काने खिडकीतून हात बाहेर काढून दार थोपटलं. "आमच्या बाबांची आहे!" ती आवाजाच्या दिशेने हसून म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. सिग्नल सुटल्याचं त्यांना मागच्यांच्या हॉर्नवरून कळलं.