आमच्या कारखान्यातलं गाऱ्हाणं

आमच्याकडे क्रेट खाली टाकायच्या आधी गाऱ्हाणं घालतात, हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कायले? आंबे रुसतात का?" आंबे नाही रुसत. माझ्या हातून एक चूक झाली, तिथून हे सुरू झालं.

पावस गावाजवळच्या या आंब्याच्या कारखान्यात मी वाशिमहून आले. शाळा सातवीत सुटलेली. रस तापवताना दर अर्ध्या तासाने वहीत तापमान लिहायचं म्हटलं की मी वही दुसरीकडे सरकवायचे. ते मला सुभेदारांनी शिकवलं. फौजेतून निवृत्त होऊन आमचे सुपरवायझर झालेले. आकडा चुकला तर ओरडणं नाही, नुसतं "पोरी, परत बघ."

एका दुपारी माझ्या हातून रिकाम्या क्रेटची चळत फरशीवर कोसळली. धाडकन. बघते तर सुभेदार टेबलाखाली पालथे, दोन्ही हात डोक्यावर. कुणी हसलं नाही. ते उठले, तोंड धुतलं आणि मालकीणबाईंना सांगून आले, "मी नोकरी सोडतो."

मी रडतच माफी मागायला गेले. "क्रेट तू पाडलेस," ते म्हणाले, "पण तो आवाज माझ्या डोक्यात सीमेवरूनच आलाय. औषध चालू आहे. पण तीस बायांसमोर शोभा झाली, आता नको." मालकीणबाईंनी त्यांना आठ दिवस थांबून मग ठरवायला सांगितलं होतं. डॉक्टरांकडे जायला गुरुवारची दुपारही मोकळी दिली होती, पगार न कापता.

आठ दिवस! आम्ही बायांनी ठरवलं, आवाजच करायचा नाही. फरशीवर गोणपाट अंथरलं. गप्पा बंद, बांगड्या वर सरकवलेल्या. मी तर खोकलासुद्धा गिळत होते. तिसऱ्या दिवशी सुभेदारच कावले.

"हे काय मसणवट केलंय? तिकडे सीमेवर असं गपगार झालं की पुढे काहीतरी व्हायचंच. बोला गो बायांनो! मला आवाजाचं भय नाही, न सांगता आलेल्या आवाजाचं आहे. नुसतं आधी सांगा."

पण यंत्रांच्या घरघरीत सांगायचं कसं? आमच्यातली सर्वांत म्हातारी आजी इथल्याच गावची. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा, बाकीच्यांनी नुसता होकार द्यायचा. तिने पदर खोचला आणि खणखणीत आवाज लावला:

"बा म्हाराजा! ही वाशिमवाली आता चार क्रेट आपटणार हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीस बाया एकदम ओरडल्या.

मी दचकून सहा आपटले. सुभेदारांचा खांदा जरा उडाला, बाकी उभेच. मग ते हसायला लागले, डोळे पुसत.

त्यानंतर आम्हाला चेवच चढला. शटर ओढायचं, गाऱ्हाणं. डब्यांची झाकणं ओतायची, गाऱ्हाणं. "बा म्हाराजा, हिला शिंक येणार हाय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि शिंक आलीच नाही, तर तिनेच दंड म्हणून सगळ्यांना चहा द्यायचा. हसून हसून माझं पोट दुखायचं. इतक्या लांब येऊन मी इतकी कधी हसेन, असं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी शेजारच्या बागेत कुणीतरी वांदर पळवायची बंदूक उडवली. तिचं गाऱ्हाणं आधी कोण घालणार? सुभेदारांनी टेबलाची कड धरली, पण ते टेबलाखाली गेले नाहीत. पालथ्या क्रेटवर बसले आणि डॉक्टरांनी शिकवल्यासारखे श्वास मोजू लागले. मी बाजूला बसले. त्यांच्याबरोबर मीही मोजू लागले.

श्वास जाग्यावर आला तसे ते म्हणाले, "त्या बागवाल्याला कुणीतरी सांगायला हवं, आधी हाक दे म्हणून."

"कोण जाणार?" आजी म्हणाली. "त्याचा कुत्रा चावतो."

"मी जाईन उद्या," सुभेदार म्हणाले. "सुपरवायझर कोण आहे इथे?"

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "कोण आहे?" त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी आहे," ते म्हणाले.

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. शेजारणीने कोपराने ढोसलं, "अगो बाय, ऊठ! रस करपतोय!"